पाच जणांचं टेबल

२० डिसेंबर, शनिवार. ताडोब्याजवळ

रिसॉर्टवर पोचलो. फोनवर किती गोड बोलत होता तो रिझर्व्हेशनवाला! "लहान मुलांचं सगळं आहे मॅडम." सगळं म्हणजे एक प्लास्टिकची खुर्ची, तिचाही एक पाय आखूड. मिनूला त्यात बसवलं तर टेबल तिच्या कपाळाशी.

जेवणाचा हॉल साडेआठला उघडला. मिनू दोन वर्षांची. तिन्हीसांजा झाल्या की तिचे डोळे मिटायला लागतात. त्यानंतर तिच्याकडून माणुसकीची अपेक्षा ठेवू नये. भोकाड पसरलं, चमचा फेकला, पाण्याचा ग्लास निखिलच्या मांडीवर. शेजारच्या टेबलावर मोठ्या लेन्सवाले लोक सकाळच्या वाघिणीचे फोटो एकमेकांना दाखवत होते. सगळ्यांच्या माना आमच्याकडे. मॅनेजर आला, हळू आवाजात, "मॅडम, बेबीला जरा बाहेर फिरवून आणता का?"

दारावर यांचीच पाटी आहे: अंधार पडल्यावर बाहेर फिरू नये, परिसरात बिबट्याचा वावर आहे. मी पाटीकडे बोट दाखवलं. ओशाळं हसला. पण हलला नाही.

निखिल म्हणाला, "जाऊ दे ना ज्योती, उगाच सीन नको." म्हणजे कोणी जायचं ते ठरलेलंच. गेले. व्हरांड्यात पोरीला खांद्यावर टाकून येरझारा. झाडीत काही खसखसलं की मी दाराला पाठ लावून उभी. परत आले तर वरणावर पापुद्रा धरलेला.

जळफळाट झालाय नुसता. लिहून ठेवते: या सुट्टीत एकदा तरी मी टेबलावर बसून, गरम, शेवटपर्यंत जेवणार. मिनूसकट. बाहेर न जाता.

२१ डिसें., रवि.

मॅनेजरला सांगितलं, आज सातला जेवायला द्या.
"किचन साडेआठच्या आधी देत नाही मॅडम."
मग स्टाफ कधी जेवतो?
"सातला."
वा रे न्याय!

सातला मिनूला कडेवर घेऊन मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात. पोळ्या करणारी सुमनबाई, जवळच्याच गावची. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "या न बाई, बसा. लेकराले कायले उपाशी ठेवता?" पोतं अंथरलं. साधं वरण, भात, वर तूप. मिनू सुमनबाईच्या मांडीवर बसून गपागप जेवली. मीही जेवले. चव काय सांगू.

नि. नंतर: "अगं, आपण गेस्ट आहोत इथले." हो ना! म्हणूनच तर समाधान झालं नाही. पोट भरलं, पण मागच्या दाराने. मला पुढच्या दाराने हवंय.

२३ डिसें., मंगळ. चामोर्शी

कालपासून माहेरी. धान घरात आलंय, अंगणात तणसाचा ढीग, मिनू दिवसभर त्यात लोळते आणि आई तिच्या केसांतून काड्या वेचते.

संध्याकाळी चहाला जाहीर केलं: शुक्रवारी गडचिरोलीला जेवायला जायचं, हॉटेलात. आई, बाबा, आम्ही तिघं. पाचही जण.

आई लगेच, "तुमी जा. मी पोरीले पाह्यतो घरी."

हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. पोर तेवढं बदलतं. बाबांच्या रिटायरमेंटचं जेवण हॉटेलात ठेवलं होतं, तेव्हा दादाचं बाळ लहान होतं, तर त्याला घेऊन आई घरी. तिला पार्सल आणलं. तिने ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं आटोपल्यावर खाल्लं आणि म्हणाली, बेस होतं. आमच्या आईला हॉटेल माहीत आहे ते फक्त पिशवीतून.

बाबा म्हणाले, "बुकिंग कराव लागते म्हंते हे! आपुन का मंत्री हाओत?"

मंत्री नाही. पाच जण आहोत. आणि आता प्रश्न माझ्या गरम वरणाचा राहिला नाही. आई टेबलाला बसली पाहिजे. पार्सल येणार नाही म्हणजे नाही.

२४ डिसें., बुध.

सकाळपासून फोन.

पहिला: "बुकिंग कायले? या न तुमी, टेबल खालीच राह्यते."
सातला यायचंय. लहान मुलगी आहे.
"सातले कोन जेवते मॅडम? भट्टी बी पेटत नाई."

दुसरा: "फॅमिली हाय न? मंग वर खोली हाय, पडदा लावून देतो. लेकरू रडलं तरी कोनाले तरास नाई."
पडदा नको म्हटलं.
"काऊन?"
काऊन म्हणजे! लेकरू झालंय आम्हाला, चोरी नाही केली. ठेवला फोन.

तिसरा भला निघाला. सात चालेल म्हणाला. पाच जण, मधलं टेबल, पडदा नाही. वर आपणहून चौकशी. "पोरीचं नाव काय? किती वर्साची? अंड्याचं चालते न?" म्हटलं, न चालायला काय झालं, अंडं तिच्या फार आवडीचं. वरण-भात मात्र साधा लागेल, तिखटाचा कणही नको. "होऊन जाईल मॅडम, एकदम मस्त करून ठेवतो!" एवढ्या प्रेमाने पुण्यात कोणी टेबल देत नाही. नि.ला म्हटलं, बघ, आमच्याकडची माणसं.

२५ डिसें., गुरु.

आई पळवाटा शोधतेय. काल गुडघा होता, आज गाय.

"संध्याकाळची धार कोन काढन? ते दुसऱ्याले जवळ येऊ देत नाई."
लवकर काढ.
"लवकर पान्हावत नाई."
शेजारच्या वच्छलाबाईंना सांगू?
"वच्छलाले लाथ मारते."

गाईला सुद्धा हिने आपल्यासारखंच करून ठेवलंय, घर सोडून हलायचं नाही. डोकं फिरलं माझं. ओरडले, "आई येणार नसेल तर कोणीच जायचं नाही. फोन करून सांगते, नको टेबल." नि.ने मिनूला उचललं आणि तणसात नेऊन बसवलं. असल्या वेळी त्याला पोर बरोबर सांभाळता येतं.

बाबा खाटेवर, तोंडासमोर पेपर. बराच वेळ पान उलटलं नाही. मग पेपरामागून, "मी काढतो धार."

आई हसलीच. "तुमी? तुमाले ते वळखते तरी का?"

बाबांनी पेपर खाली केला नाही.

२६ डिसें., शुक्र.

घाईत लिहितेय, गाडी दारात आहे.

बाबांनी धार काढली! आईचं जुनं लुगडं डोक्यावरून पांघरून बसले गाईजवळ. युक्ती त्यांची स्वतःची की वच्छलाबाईंची, ते सांगत नाहीत. गाईने लुगडं हुंगलं, कान हलवले, राहिली उभी. दूध नेहमीच्या निम्मं. आई दाराआडून तोंडात पदर कोंबून बघत होती. हसू आवरेना तिला.

आता काही कारण उरलं नाही. आईने हिरवं काठाचं पातळ काढलंय.

२७ डिसें., शनि.

काल परत आल्यावर लिहायचं त्राण नव्हतं. सगळं आठवून लिहिते.

शिरलो तर मधल्या टेबलावर फुगे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'हॅपी बर्थडे मिनू'. टेबलावर केक. क्षणभर वाटलं, दुसरी कोणी मिनू असेल. मालक दोन्ही हात पसरून पुढे आला, एका हातात कागदी टोपी. त्याला म्हटलं, अहो भाऊ, हिचा वाढदिवस जूनमध्ये असतो.

बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "मंग टेबल कायचं बुक केलं बाई? निस्तं जेवाले कोनी बुक करते का?"

अंड्याचं चालते न! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

नि. कानाशी, "असू दे, वाढदिवस आहे म्हणून टाक." नाही म्हटलं. खोटं कशाला? आम्ही जेवायला आलोय. नुसतं जेवायला. भूक लागते, पाच माणसं आहेत, एवढं कारण पुरे नाही का? मालक मान डोलवत राहिला, पटलं नाही त्याला. केक मात्र आम्ही ठेवून घेतला. टोपी तोवर मिनूच्या डोक्यावर गेली होती, ती काढायची कोणाची हिंमत.

आई खुर्चीच्या कडेला टेकलेली, पिशवी मांडीवर घट्ट. बसची वाट बघत बसते तशी.

मग एक फुगा फुटला. मिनू दचकली आणि जे सुरू झाली! पलीकडच्या टेबलावरचे कडक इस्त्रीतले एक गृहस्थ मोठ्याने, "अरे, कोनी पोरीले भाईर न्या रे!" वेटर आमच्याजवळ येऊन घुटमळला. आणि आई उठलीच. कोणी तिला सांगितलं नव्हतं. हात पुढे केले, "दे इकडं. मी नेतो भाईर. तुमी जेवा, थंडं होईल."

मी तिचं मनगट धरलं. पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली माझी. "बस, आई. कोनी भाईर जात नाई. टेबल आपलं हाय."

त्या गृहस्थांना ऐकू जाईल असंच म्हटलं. वर त्यांच्याकडे वळून हेही म्हटलं, की काका, दोन वर्षांचं लेकरू हाय, रडन नाई त काय भाषन देईन? ते ताटात बघायला लागले. मजा आली.

निखिलने मिनूला मांडीवर घेतलं आणि तिथेच, खुर्चीवरच, झुलवत बसला. निखिलने! "रडू दे थोडं," म्हणाला. "इथेच रडू दे." रडली. साधा वरण-भात आला तशी गप्प झाली.

आई बसली. भाज्या आल्या तर तिचा हात डावाकडे, सगळ्यांना वाढायला. वेटर म्हणाला, "आजी, राहू द्या, मी वाढतो." तिने हात मांडीवर घेतले. त्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. मला रडू आलं. मिनूची टोपी नीट करायचं निमित्त करून खाली बघितलं.

वेटरने तिच्या ताटात रोटी ठेवली. आईने बोट लावलं आणि थांबली. मला वाटलं, लाजतेय. तर तिने त्याला हाक मारली, चांगली खणखणीत.

"ए भाऊ! हे थंडी हाय. गरम आन."

बाबांचा घास हातातच राहिला. घरी सगळ्यांच्या मागून बसणारी, तव्यावरची शेवटची नाहीतर सकाळची उरलेली खाणारी बाई ही. रोटी परत गेली. गरम आली, कडा करपलेली, वाफाळती. आईने तुकडा मोडला, बोटं भाजली तरी सोडला नाही. म्हणाली, मीठ कमी आहे भाजीत. मग तीही भाजी तिने पुसून खाल्ली.

२८ डिसें., रवि.

आज निघायचं. सकाळी बाबा म्हणाले, "झाली न हौस? बस आता." बाबांचं हे असं. काल वच्छलाबाईंना मात्र धारेची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होते.

जेवायला बसलो. आई तव्यापाशी. "तुमी बसा, मी मांगून बसतो." भांडले. काही उपयोग नाही. "घरचं येगळं," म्हणाली. काय वेगळं? पोळी तीच, पोट तेच. चिडून दोन घास कमीच खाल्ले, तर तिने तिसरी पोळी वाढली.

बॅग भरत होते तर आई खोलीत आली. हातात तिचा बटनांचा फोन.

"त्या हॉटेलवाल्याचा नंबर हाय का तुह्यापाशी?"

घालून दिला तिच्या फोनमध्ये.

"काय म्हनाव लागते त्याले?"
तुझं नाव सांगायचं. आणि किती जण येणार ते.
"माह्या नावानं देते टेबल?"
न द्यायला काय झालं? पण तो विचारणार, वाढदिवस आहे का.

आईचा खरा वाढदिवस कोणालाच माहीत नाही. आजी म्हणायची, धान कापणीत झाली. आधार कार्डावर एक जानेवारी आहे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया एक जानेवारीच्याच.

आईने जरा विचार केला. "एक तारखेले हायच न माहा," म्हणाली. "आधारवर हाय. खोटं थोडीच हाय ते?"

किती जणांचं सांगशील?

"पाह्यतो," म्हणाली, फोन कनवटीला लावला आणि गोठ्याकडे गेली.

फोन करेल की नाही, देव जाणे. बाबांना यातलं काही माहीत नाही, मीही सांगितलं नाही. मिनूला गाय दाखवायला म्हणून मगाशी गोठ्यात जाऊन आले. आईचं ते जुनं लुगडं तिने धुतलेलं नाही. तसंच खुंटीला टांगून ठेवलंय, बाबांच्या हाताला येईल असं.