हात्सुयुकी गाभण आहे

१६ जानेवारी
हात्सुयुकी माजावर आली. यंदा तिला मादी पिल्लू व्हायलाच हवं. बाबांनी जोपासलेली शिबा कुत्र्यांची ही ओळ आईकडून लेकीकडे अशी सात पिढ्या सरळ आली आहे आणि आज त्यात ही एकटीच उरली आहे. आधीच्या अकरा पिल्लांत दहा नर. एक मादी झाली, ती आठवड्यात गेली.
नर कुठूनही आणता येतो, ओळ मादीच चालवते. हे मी आमच्या शिबा पाळणाऱ्यांच्या मंडळात दहा वर्षं सांगतोय. मार्चच्या वार्षिक सभेत माझं भाषणच आहे : 'वंशसंवर्धनात मादीचे स्थान'.
बायकोचं, सानाएचं म्हणणं, आठ वर्षांची झाली बिचारी, आता पुरे कर. पैदाशीचा धंदा करणाऱ्यांना सहा वर्षांची मर्यादा आहे. मी धंदा करत नाही, नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. तरी प्रश्न नैतिक आहे. शांतपणे, सगळ्या बाजूंनी विचार करायचं ठरवलं.

१७ जानेवारी
विचार केला. जोड लावायची.

२७ जानेवारी
तोकोरो-सानांच्या नराकडे नेलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मंडळातले सर्वांत जुने. हात्सुयुकी दोनदा बर्फात फतकल मारून बसली, तिसऱ्यांदा नराच्या नाकाला चावली. तोकोरो-सान म्हणाले, अरे इवाशिमा, बाई नको म्हणतेय. तुझा बाप असता तर चहा पिऊन घरी गेला असता. मी म्हटलं, माजाच्या चार्टप्रमाणे आजचाच दिवस योग्य आहे. ते म्हणाले, मग चार्टलाच लाव की जोड.
शेवटी मी तिचं डोकं धरलं. जोड लागली.
डोकं धरणं म्हणजे जबरदस्ती का, यावर परतताना गाडीत बराच विचार झाला. निष्कर्ष : धरलं होतं, दाबलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी
भूक कमी झाली आहे. पुस्तकात दिलंय, गाभण असताना होतं असं. सानाए म्हणते, जनावरांच्या डॉक्टर हिबिनोंकडे सोनोग्राफी करून घेऊ. हात्सुयुकीला गाडीचा त्रास होतो. होणाऱ्या आईला या दिवसांत ताण नको.

२८ फेब्रुवारी
आज पंचांगात कुत्र्याचा दिवस. पाचव्या महिन्यातल्या बायका या दिवशी देवळातून पोटाला बांधायचा पट्टा आणतात, कारण कुत्री विनासायास विते. मग खुद्द कुत्रीलाच का नको? प्रमाण मांडलं. बाईचा पाचवा महिना म्हणजे कुत्रीचा बत्तिसावा दिवस. आज बत्तिसावा. अशा योगायोगांवर माझा विश्वास नाही, तरी अर्धी रजा टाकली.
देवळात फॉर्म होता. गर्भवतीचं नाव : इवाशिमा हात्सुयुकी. वयाच्या रकान्यात आठ लिहायला हात धजेना, तो मोकळा सोडला. म्हणजे खोटं काही लिहिलेलं नाही. काउंटरवरच्या मुलीने अभिनंदन केलं आणि पहिलंच का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, आधी अकरा झालीत. तिने फॉर्म पुन्हा वरपासून वाचला.

२ मार्च
सानाए संतापली आहे. देवळातली ती मुलगी टोफूवाल्या आजींची नात निघाली. आजींनी सानाएला बसायला स्टूल दिलं आणि हळूच म्हणाल्या, अगं, बारावं? आणि या वयात? पहिली अकरा कुठे असतात? मी खुलासा करायला निघालो होतो. सानाए म्हणाली, तू कुठेही जाऊ नकोस.
चूक माझी, मान्य. पुढच्या वेळी फॉर्मवर 'कुत्री' असं स्पष्ट लिहायचं.

६ मार्च
सानाएची नवी तक्रार : पाण्याचं भांडं दिवसातून चार वेळा भरावं लागतं. मी म्हटलं, आई होणार, पाणी लागणारच. पोट छान भरलंय. पट्टा दोन बोटं सैल केला.
भाषण चौदा पानांवर गेलं. 'मादी बोलत नाही; तिच्याकडे पाहावं लागतं' हे वाक्य जमून आलंय.

११ मार्च
मागची बाजू सारखी चाटते. सानाए म्हणाली, एक्स-रे काढू. एक्स-रे पंचावन्नाव्या दिवसानंतर काढावा, आज त्रेचाळिसावा. पोटातल्या जिवांवर नाहक किरण सोडायला माझं मन धजत नाही. ती म्हणाली, मग डॉक्टरांना नुसता हात तरी लावू दे. रविवारी सभा आहे. सोमवारी नक्की.

१६ मार्च, सकाळी
हात्सुयुकी उठली नाही. थरथरते आहे. सानाए म्हणाली, आत्ताच्या आत्ता निघू. मी पाच मिनिटं मागितली आणि दोन्ही बाजू तपासल्या. तिकडे चाळीस माणसं खोळंबतील. आणि भाषण आहे ते हिच्यासारख्यांसाठीच. दुपारी जाऊ म्हटलं. सानाएने तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, गाडीची किल्ली घेतली आणि गेली. 
मी बसने निघतो आहे.

१६ मार्च, संध्याकाळी
भाषण चांगलं झालं. फोन शिष्टाचार म्हणून बंद ठेवला होता.
शेवटी प्रश्नोत्तरं. तोकोरो-सानांनी विचारलं, बाकी राहू दे, तुझी मादी कशी आहे? म्हटलं, जरा मलूल आहे. पाणी पिते का? म्हटलं, भरपूर. ते उठले, टोपी घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ती गाभण नाही रे, तिच्या गर्भाशयात पू झालाय. चौदा पानं लिहिलीस आणि एवढं दिसलं नाही तुला? चल.
त्यांच्या छोट्या ट्रकमधून दवाखान्यात गेलो. वाटेत ते समोरचा रस्ताच बघत होते. मला फार वाटत होतं, काहीतरी बोलावं त्यांनी.
ऑपरेशन होऊन गेलं होतं. गर्भाशय काढून टाकलं. पिल्लू एकही नव्हतं. डॉक्टर हिबिनो म्हणाल्या, उद्यावर टाकलं असतं तर उरली नसती. मग नोंदीसाठी विचारत गेल्या, स्राव कधीपासून, पाणी किती, खाणं कधी थांबलं. माझ्याकडे बघून विचारत होत्या. उत्तरं सानाए देत होती, तारखांसकट.
सात पिढ्यांच्या आयांची नावं मला पाठ आहेत. ती कुणी विचारली नाहीत.

२० मार्च
तिला आणायला मी एकटाच गेलो, सानाए कामावर होती. काउंटरवर म्हटलं, हात्सुयुकी. त्या नावाचं कुणी नाही, तिथल्या बाई म्हणाल्या. मी म्हटलं, शिबा, मादी, रविवारचं ऑपरेशन. बाईंनी कार्ड फिरवून दाखवलं : इवाशिमा किनाको. आठ वर्षांच्या लशी, दात, सगळं त्याच नावावर. किनाको म्हणजे सोयाबीनचं भाजकं पीठ, हिच्या रंगावरून सानाएने ठेवलं असणार. घरात ही हाक मी कधी ऐकली नव्हती, की ऐकूनही लक्ष दिलं नव्हतं, ते ठरवता येत नाही. ठरवायचा प्रयत्न केला.
आतून तिला घेऊन आले. पोटाचे केस काढलेले, टाके दिसत होते. हात्सुयुकी, म्हटलं. ती जमिनीकडे बघत राहिली. आसपास कुणी ऐकत नाही असं पाहून म्हटलं, किनाको.
शेपटी हलली. मग तिने माझ्या मागे दाराकडे पाहिलं, सानाए आली आहे का ते.