भिंतीला सुटलेलं पोट

तीर्थस्वरूप मामांना,

रागावलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (राग नमस्कारात नाही, पुढच्या मजकुरात आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठणठणीत आहोत. पण तुमच्या परवाच्या पत्रात शेवटी तुम्ही विचारलंत, "भिंत उभी आहे ना?" मामा, असं कोणी विचारतं का? भिंत कशी झाली, शोभते का, असं विचारावं. बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढल्यामुळे तुम्हाला जिकडेतिकडे पडझडच दिसते, त्याला मी काय करू!

आता झालं काय ते सविस्तर लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. घरामागच्या टेकाडाची माती दर पावसात घसरून पार शिवणखोलीच्या खिडकीपर्यंत येते, हे तुम्ही पाहिलंच आहे. ती अडवायला भिंत हवी, यावर घरात दुमत नव्हतं. माप मी घेतलं. नानांसारख्या बापाच्या हाताखाली पंचवीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला माप घ्यायला दुसरा कोणी लागत नाही. लांबी तीस फूट, उंची सहा, जाडी एक. म्हणजे एकशे ऐंशी घनफूट दगड. मागवला. तेवढ्यात तुमचं पत्र, की बुडाशी जाडी तीन फूट ठेव, वर दीड, आणि जमिनीत दोन फूट पाया घे. गवंड्याने ते वाचलं आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता खणायला घेतलं. परिणाम काय? माझा सगळाच्या सगळा दगड जमिनीखाली गेला! तीस फूट लांब, तीन रुंद, दोन खोल. करून बघा गुणाकार. अंगणात उभं राहून पाहिलं तर भिंत म्हणून काही नाहीच. वर गवंडी मला म्हणतो, "दुमडीचं कापड धरलंच नव्हतं तुम्ही." शिंप्याला दुमड शिकवतो! (धरलं नव्हतं, हे खरं. पण म्हणून चारचौघांत बोलून दाखवायचं?)

आणखी चारशे घनफूट दगड आला, तोही मुकाट्याने सोसला. पण भोकांचं काय? मागे खडी भर, म्हणालात, भरली. आणि पाणी निघायला भिंतीत खाली-वर दोन ओळींत दर चार-पाच फुटांवर आरपार भोकं ठेव, म्हणालात. मामा, ज्या घराने तीन पिढ्या भोकं बुजवून पोट भरलं, त्या घराच्या मागे तुम्ही चौदा भोकांची भिंत उभी करवलीत! कपडे टाकायला आलेलं गिऱ्हाईक खिडकीतून बघणार आणि म्हणणार, यांना स्वतःच्या घरी रफू करता येत नाही. त्यात मी हौसेने दिलेल्या पांढऱ्या चुन्यावर पहिल्याच पावसात प्रत्येक भोकातून गढूळ पाण्याचा ओघळ. चौदा ओघळ! (त्यावर मी नंतर काय केलं, ते इथे महत्त्वाचं नाही.)

एवढं सगळं होऊनही भिंत झाली. नाना बाहेर आले, शिवलेल्या कोटाच्या पाठीवरून फिरवतात तसा भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जमलंय." मामा, पंचवीस वर्षांत त्या माणसाने माझं एक काजसुद्धा चांगलं म्हटलेलं नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? आत जाऊन मी उगाचच मशीनला तेल घालत बसलो.

पण माझ्या नशिबात सुख म्हणून नाही. गेल्या नऊ दिवसांपासून नाना रोज सकाळी त्या भिंतीच्या पायथ्याशी खुर्ची मांडून बसतात ते दिवेलागणीला उठतात. जेवण तिथे, पेपर तिथे. फरशीवर शिवणाच्या खडूने रेघा काय मारतात, माझी चांगली कात्री दोऱ्याला बांधून लोंबकळत काय ठेवतात! आणि चिडके किती झालेत! पोर तिकडे चेंडू घेऊन गेली, की असे ओरडतात, की ती रडत आत येते. सहा वर्षांच्या नातीवर कोणी असं खेकसतं? वयाचा परिणाम, दुसरं काय. बायको म्हणते, तुमच्या मामांना बोलवा, त्यांचं ते ऐकतील. मी म्हटलं, काही गरज नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. गरज आहे. या रविवारी या.

ता. क. दुसरा. ती चौदाही भोकं मी सिमेंटने बुजवली. इतकी सफाईदार बुजवली, की जागा शोधून सापडायची नाही. त्यानंतर आठ दिवस पाऊस लागून राहिला, आणि आता भिंतीला मधोमध पोट सुटलंय. ती उतरवून घ्यायला हवी, हे मलाही कळतं. पण नाना त्याच पोटाखाली बसतात, आणि "उठा, भिंत फसली" हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. आयुष्यात एकदाच "जमलंय" म्हणालेत हो. तुम्ही येऊन त्यांना उठवा. वाटल्यास माती वाईट होती म्हणा.

(खालचा मजकूर वेगळ्या अक्षरात.)

पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. भोकं त्याने बुजवली, हे मला त्याच दिवशी कळलं. आमच्या घरातला रफू मी ओळखणार नाही होय? कात्रीचा ओळंबा करून भिंतीचं पोट रोज किती पुढे येतं, त्याची रेघ मारतो. नऊ रेघा झाल्या. कालची एकदम बोटभर पुढे गेली. त्याला मी सांगितलं नाही, कारण त्या भिंतीकडे बघताना त्याचा चेहरा तू पाहिला नाहीस. पण पोरीची खेळायची जागा तीच आहे. मी खुर्ची टाकून बसलो, की ती तिकडे येत नाही. मी अठ्ठ्याहत्तरचा, ती सहाची.

रविवारची वाट बघू नकोस, पत्र मिळताच नीघ. आल्यावर त्याच्यासमोर एकदा म्हण, की काम सफाईदार आहे. मग पाड.