शिवणखोलीच्या भिंतीतली फट बुजवू नये

मी, धंद्याने शिंपीण, जिना चढताना दम लागत असला तरी डोकं जागेवर असलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वखुशीने लिहिते आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दिरांनी आणून पाहिला, मी बधले नाही.

१. हे घर माझ्या शिवणकामाच्या कमाईचं, म्हणजे स्वकष्टार्जित आहे. त्यावर सासरच्या कोणाचा हक्क नाही. माझ्या पश्चात ते माझ्याबरोबर राहणाऱ्या गृहस्थाला द्यावं. शहर त्याला 'निळा' म्हणतं आणि उडून जीव वाचवतो म्हणून डोक्यावर घेतं. मी त्याला पाहुणा म्हणते. का, ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या कोर्टात कोणी काहीबाही सांगेल.

ज्याला काचवाला म्हणत त्या मेल्या गुंडाने आभाळ उभं फाडलं, तो दिवस सगळ्यांना आठवत असेल. त्या फाटक्यातून दुसरं शहर दिसलं, हुबेहूब आपल्यासारखं, आणि तिथलाही एक निळा. आपल्याकडचा निळा म्हणजे माझा नवरा. दोघांनी दोन्हीकडून कडा ओढून धरल्या, आभाळ मिटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी नवरा घरी आला. मी त्याचा सूट धुवायला उलटा केला आणि आतली शिवण बघितली. मी दोरा संपवताना तीन गाठी मारते. त्या शिवणीला एकही गाठ नव्हती, दोरा दुमडून आत घेतलेला.

"हा टाका माझा नाही," मी म्हणाले.

"माझ्या बायकोचा आहे," तो म्हणाला आणि उंबऱ्यावरच बसला.

त्या ओढाताणीत दोघांची अदलाबदल झाली होती. मला त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. पण माझा माणूसही त्याच वेळी तिच्या दारात उभा असणार. तिने दार लावून घेतलं तर? मी ताट वाढलं.

२. शिवणखोलीच्या भिंतीत, मशीनच्या मागे, त्या आभाळाची एक उसवण राहून गेली आहे. हात जेमतेम जाईल एवढी फट. एकदा तिच्यातून निळा सूट आला, खांद्यावर फाटलेला, आत माझ्या तीन गाठी. म्हणजे आमचे हे जिवंत होते! मी रडत रडत तो शिवला आणि परत ढकलला. मग पाहुण्याचा फाटका सूट फटीत सारला. तो शिवून आला, बिनगाठीचा. तेव्हापासून तिचा नवरा माझ्याकडे जेवतो, पण त्याचं फाटलेलं ती शिवते. माझ्या नवऱ्याचं मी. लिहिलेलं काही पलीकडे पोचत नाही, कागद कोरा होतो, कापडावर दोऱ्याने भरलेली अक्षरं उसवतात. साधा टाका तेवढा टिकतो.

ती फट बुजवू नये. घर देण्याची ही एकच अट आहे.

धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, भिंत पाडून मोठा हॉल करू. आणि हा माझा भाऊ नव्हेच. सख्खा भाऊ मला कधी मिठी मारेल का?" खरं आहे. पाहुण्याचा धाकटा भाऊ तिकडे लहानपणीच वारला, म्हणून तो दिरांना बघताच गळ्यात पडला. दिरांना त्याचाही संशय आला.

३. माझी मोठी कात्री दिरांना द्यावी. विचारल्याशिवाय नेऊन त्यांनी त्या कात्रीने पत्रा कापला होता. आता खुशाल कापा. मशीन भाचीला. तिने तेल घालायचा आळस करू नये.

४. पाहुण्याशी माझं नातं काय, असं लोक विचारतील. तो बाहेरच्या खोलीत झोपला, मी आतल्या. पण माया जडली नाही म्हटलं तर देव मला माफ करणार नाही. परवा तो माझ्या खाटेजवळ सुई-दोरा घेऊन बसला.

"तीन गाठी शिकवा मला," म्हणाला. "तुमच्या माणसाचा सूट आला की मी शिवत जाईन. तुम्ही गेल्याचं त्याला कधीच कळणार नाही."

"तुझ्या बायकोच्या बाबतीत असं कोणी केलं तर चालेल तुला?" मी विचारलं. त्याने सुई खाली ठेवली.

म्हणून स्पष्ट लिहिते. माझ्यामागे माझ्या नवऱ्याचा फाटका सूट फटीतून येईल. तो कोणीही शिवू नये. आहे तसा घडी घालावा, कॉलरमध्ये माझी सुई टोचावी, बिनदोऱ्याची, आणि परत पाठवावा. यांना कळेल. रडू दे त्यांना. पलीकडची ती ताट वाढेल, मी वाढलं तसं. पुढचे टाके तिने घालावेत, माझी ना नाही.

सही: शिंपीण
साक्षीदार: समोरचा न्हावी, डॉक्टरीणबाई
ठिकाण: शिवणखोली
दिनांक: बुधवार, कपडे वाळत घातल्यावर

ता.क. ज्याला घर मिळतं त्याची साक्ष चालत नाही म्हणतात, म्हणून पाहुण्याला दाराबाहेर उभं केलं आहे. त्याला वाटतं, त्याचं रडणं मला ऐकू येत नाही.