मोने आणि माने यांची ओळख

३ जानेवारी, सोमवार

नवीन वर्ष, नवीन वही. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. पुढेमागे कोणाला माझ्या जडणघडणीचा अभ्यास करायचा असेल तर तो भाग वेगळा. म्हणून अक्षर जरा बरं काढतोय.

आज मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, जिन्यातल्या माझ्या चित्राचं कौतुक करायचं असेल. तसं नव्हतं. नववीचा गणिताचा निकाल घसरलाय, तेव्हा फेब्रुवारीपासून नववीचा चित्रकलेचा तास गणिताला द्यावा असं संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात आहे म्हणे. मी म्हणालो, हा अन्याय आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण महिनाअखेर अध्यक्ष शाळेत येणार आहेत. चित्रकलेत मुलं काही शिकतात असं त्यांना दिसलं तर बघू.

नववी गेली तर माझ्या वाट्याला पहिली ते चौथी. म्हणजे रिटायर होईपर्यंत सफरचंद. सफरचंदाला एक पान.

घाबरलो नाही. संकल्प केला. नववीला जगातल्या थोर चित्रकारांची ओळख करून देणार. गुहेतल्या माणसापासून आजपर्यंत. सगळे कालखंड, सगळे पंथ. आठवड्याला दोन तास म्हणजे सहज बसतं.

दुसरा संकल्प: रोज पहाटे पाचला उठून स्वतःचं मोठं चित्र पुरं करणार.

४ जानेवारी

साडेसातला उठलो. अलार्म बायकोने बंद केला. ती म्हणते मीच केला. वाद घातला नाही, कलावंताने शक्ती वाचवावी.

६ जानेवारी, गुरुवार

पहिला तास. विषय: गुहाचित्रे. प्रस्तावना फारच सुंदर झाली. माणूस चित्र का काढतो इथून सुरुवात केली आणि गुहेच्या तोंडाशी पोहोचलो तोच बेल झाली. मुलं भारावून गप्प होती. मागच्या बाकावरचे तिघे तर डोळे मिटून ऐकत होते.

पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, तिला मी मनातल्या मनात शंका म्हणतो. तिने विचारलं की गुहेत अंधार असताना त्या लोकांना रंग दिसायचे कसे. मी म्हणालो, उत्तम प्रश्न, पुढच्या तासाला सांगतो. घरी येऊन पुस्तकं धुंडाळली. दिवे लावत असत. एवढं साधं मला तिथे का सुचलं नाही कोण जाणे.

१० जानेवारी

गुहा.

१३ जानेवारी

अजून गुहाच. विषय खोल आहे.

स्टाफरूममध्ये गणिताचे सर भेटले. त्यांना सगळे ‘सूत्र’ म्हणतात. त्यांनी फार गोड आवाजात विचारलं, चित्रकलेच्या वर्गातला फळा किती रुंद आहे. मी विचारलं, कशाला. म्हणाले, सहज. हा माणूस आयुष्यात कधी सहज काही विचारत नाही.

१७ जानेवारी, सोमवार

गुहेतून बाहेर पडलो. वेळ भरून काढण्यासाठी आज लिओनार्दो, मायकेलअँजेलो आणि रेम्ब्रांट एकाच तासात घेतले. रेम्ब्रांटच्या वाट्याला शेवटची चार मिनिटं आली, पण त्याने अख्खा जन्म अंधारातच काम केल्यामुळे त्याला सवय असावी. शंकाने विचारलं, हे परीक्षेला आहे का. नाही म्हणताच वर्गातल्या सगळ्या वह्या मिटल्या. एकदम. कवायत केल्यासारख्या.

मोठं चित्र: आज हात लावला. म्हणजे वरची धूळ पुसली. बायकोने त्याच्या मागे इस्त्रीचं टेबल ठेवलंय.

१८ जानेवारी

रात्री झोपताना डोक्यात प्रकाश पडला होता, सकाळी लिहितोय. तास तास करत बसण्यात अर्थ नाही. अध्यक्ष येणार त्याच दिवशी, शुक्रवारी अठ्ठावीसला, सभागृहात एकच दणदणीत कार्यक्रम करायचा. विषय मोने आणि माने. दोघे फ्रान्सचे, दोघे चित्रकलेतले बाप लोक, दोघांना जाऊन जमाना झाला, आणि नावात फक्त एका मात्रेचा फरक. भले भले त्यांच्यात घोटाळा करतात. या शाळेत तो न करणारा मी एकटा.

लगेच मोठ्या बाईंकडे गेलो. त्या एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने सह्या करत होत्या. मी म्हणालो, अठ्ठावीसला मुलांना मोने आणि माने या दोन जगप्रसिद्ध चित्रकारांची ओळख करून देणार आहे. त्यांनी फोन ठेवला. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी फोन ठेवला. विचारलं, एवढी मोठी माणसं, आपल्या शाळेत? मी म्हणालो, का नाही, आपल्या मुलांनी काय घोडं मारलंय? त्या म्हणाल्या, तुमच्या एवढ्या ओळखी असतील असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, तीस वर्षं त्यांच्याच संगतीत काढली आहेत.

अंगावर मूठभर मांस चढलं. या बाईंना कलेची जाण आहे, इतके दिवस लपवून ठेवली होती.

२० जानेवारी, गुरुवार

आजचा तास प्रोजेक्टर शोधण्यात गेला. सापडला. प्रयोगशाळेत त्याच्यावर कुंडी ठेवली होती.

दुपारी बाईंनी पुन्हा बोलावलं. त्यांचा रस वाढतच चाललाय. विचारलं, दोघे एकत्रच का. मी म्हणालो, एकत्रच घेतलेले बरे, नाहीतर कोण कुठला ते मुलांना कळत नाही. विचारलं, वयस्कर आहेत का. मी म्हणालो, चांगलेच जुने. मोन्यांना तर मोतीबिंदूमुळे पुढे पुढे नीट दिसेनासं झालं होतं, पण ब्रश खाली ठेवला नाही. बाई हेलावल्या. म्हणाल्या, पायऱ्यांपाशी हात धरायला शिपाई उभा करते. यातला विनोद मला कळला नाही, पण वरिष्ठांचा असल्यामुळे हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग मानधनाचं विचारलं. मी संकोचून म्हणालो, छे छे, कलेसाठी एवढं चालतं. त्यांनी हात जोडले. घरी येऊन बायकोला सांगितलं की बाई माझ्यापुढे हात जोडतात. ती म्हणाली, माझे तर केव्हाच जोडून झालेत.

२४ जानेवारी, सोमवार

फलक लिहिणारा आला होता. ‘सुप्रसिद्ध चित्रकार मोने आणि माने’ एवढाच मजकूर दिला. त्याने विचारलं, पहिली नावं घालू का. मी म्हणालो, एवढ्या मोठ्या लोकांना पहिलं नाव लागत नाही. तो फारच दबून गेला.

फलक फाटकावर लागताच चर्चा सुरू. शंकाने तासाला विचारलं, माने म्हणजे आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात ते का. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणालो, हे माने वेगळे, यांचं नाव सगळं जग घेतं. ती म्हणाली, त्यांचंही घेतात, ते सोसायटीचं पाणी बंद करतात. उरलेला तास हशा आवरण्यात गेला. तरी वातावरणनिर्मिती झाली असं मी मानतो.

सूत्र सध्या माझ्याशी आदराने बोलतात. आज स्वतःची खुर्ची दिली. म्हणाले, तुम्ही छुपे रुस्तम निघालात, आम्हालाही त्या दोघांबरोबर एक फोटो मिळाला तर बरं. मी म्हणालो, त्यांचे फोटो माझ्याकडे आहेतच, प्रत काढून देईन. जरा विचित्र नजरेने बघत होते. कलेशी पहिलाच संबंध आल्यावर माणूस गोंधळतो.

२७ जानेवारी

सगळं तयार. स्लाइड्स रचून झाल्या. प्रोजेक्टर चालतो, गरम झाला की बंद पडतो, थंड झाला की पुन्हा चालतो. प्रास्ताविक बायकोला म्हणून दाखवलं. ती झोपली. शांत झोपली, म्हणजे आवाजाची पट्टी योग्य आहे.

शिपायाने विचारलं, गाडी आतपर्यंत सोडायची का. मी म्हणालो, सोडा. अध्यक्ष फाटकापासून चालत थोडेच येणार.

उद्या नववीचा तास वाचणार. नुसता वाचणार नाही, आठवड्याला तीन मागून घेईन.

२८ जानेवारी, शुक्रवार. दुपारी १२

घरी लवकर आलो. क्रमाने लिहितो.

सभागृह खचाखच. स्टेजवर मध्ये अध्यक्ष, त्यांच्या एका बाजूला मोठ्या बाई, दुसऱ्या बाजूला मी. आणि अगदी पुढे दोन रिकाम्या खुर्च्या. त्यांवर पाट्या, एकीवर मोने, दुसरीवर माने. टेबलावर दोन पुष्पगुच्छ. मला भरून आलं. काय ही मांडणी! अनुपस्थितीतून उपस्थिती दाखवायची, ही अत्यंत आधुनिक कल्पना आहे, आणि ती बाईंना आपली आपण सुचली.

बाई सारख्या दाराकडे बघत होत्या. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाईंनी मला खूण केली. मला वाटलं, सुरू करा. म्हणून माइक घेतला.

आधी त्या खुर्च्यांकडेच बोट दाखवलं. म्हणालो, या दोन रिकाम्या खुर्च्या किती बोलक्या आहेत. मोने आणि माने आज आपल्यात नाहीत. दोघेही आपल्याला सोडून गेले आहेत.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्ष हळूहळू उभे राहिले. मग बाई. मग शिक्षक, मग मुलं, सगळं सभागृह. अध्यक्षांनी माझ्या हातातून माइक घेऊन जड आवाजात सांगितलं की आजच्या आनंदाच्या दिवशी ही फार दुःखद बातमी कानावर आली, दोघांच्या स्मृतीस दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू, आणि मग शाळेला सुट्टी.

मी मान खाली घालून उभा होतो. मनात म्हटलं, फ्रान्समध्ये तरी यांना असा मान मिळाला असेल का. डोळे ओले झाले, खोटं का बोलू.

स्तब्धता संपली. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, अपघात झाला का, दोघे एकाच गाडीत होते का.

मी म्हणालो, नाही नाही, माने अठराशे त्र्याऐंशीला गेले आणि मोने एकोणीसशे सव्वीसला.

अध्यक्षांचा हात खांद्यावरच राहिला. खालून मुलांचा सुट्टीचा कल्लोळ ऐकू येत होता. प्रोजेक्टर लावायचा राहूनच गेला.

२८ जानेवारी, संध्याकाळी

बायकोला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की इस्त्री बंद करावी लागली. मग म्हणाली, अहो, पण ‘ओळख करून देतो’ म्हटल्यावर माणसांना माणसंच वाटणार ना. मी म्हणालो, हा भाषेचा दोष आहे. ती म्हणाली, हो, भाषेचाच. आणि चहा करून आणला. न मागता. तेव्हा मात्र प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

२९ जानेवारी, शनिवार

बाईंच्या केबिनमध्ये. आज त्यांनी फोन ठेवला नाही, फोनवर बोलता बोलताच मला सांगितलं. अध्यक्ष रागावलेले नाहीत. त्यांनी घरी जाऊन दहा जणांना हा किस्सा सांगितला म्हणे, आणि दरवेळी आणखी हसले. मात्र एक तारखेपासून नववीचा तास गणिताला. मी म्हणालो, मी तर जुने आहेत असं आधीच सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, सर, बसा जरा. मी बसलो. त्या पुन्हा फोनवर बोलू लागल्या.

सूत्रांनी खुर्ची परत घेतली.

अपमान झाला. लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे बोलता येत नाही. मला तो तास हवा होता. त्या वर्गात ब्रश नीट धरणारी पाच-सहा मुलं आहेत. त्यांच्यासाठी तरी हवा होता.

३१ जानेवारी, सोमवार

नववीचा शेवटचा तास. निरोपाचं भाषण पाठ केलं होतं, कला आणि समाज या विषयावर. वर्गात गेलो तर मुलं उठून उभी राहिली ती बसेनात. मागच्या बाकावरच्या एकाने गंभीरपणे विचारलं, सर, आज कोणासाठी उभं राहायचं. सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

मग शंकाचा हात वर झाला. म्हणाली, सर, पण त्या दोघांनी काढलं तरी काय होतं?

महिनाभर मी या मुलांना लोक सांगितले. जन्म, मृत्यू, पंथ, मोतीबिंदू. चित्र एक दाखवलं नाही. गुहेतला एक रेडासुद्धा दाखवला नाही.

कपाटातून मोठं पुस्तक काढलं. टेबलावर ठेवताच मुलं बाकं सोडून भोवती गोळा झाली. मागचे तिघेसुद्धा. एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होती, कोणीतरी माझ्या पायावर पाय दिला होता. इतकी जवळ ती आजवर कधीच आली नव्हती. बोट पानाशी नेलं.

म्हटलं, दाखवतो, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

पार्श्वभूमी सांगता सांगता बेल झाली.

मी म्हणालो, पुढच्या तासाला नक्की दाखवतो. शंकाने मान डोलावली, बाकीच्यांनीही डोलावली. पुढचा तास गणिताचा आहे हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं.