बुजवलेली खिडकी

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. काल पोस्टमनने सही घेऊन एक पाकीट हातात ठेवलं. पाठवणारा कोण, तर आपल्या वरच्या मजल्यावरचा बेकरीवाला! जो माणूस जिना उतरताना रोज विचारतो की काकू, बाहेरून काही आणायचंय का, तो मला रजिस्टर पत्र पाठवतो. नंतर मशीनवर बसले, पण सुईत दोरा जाईना. एका बाईचा ब्लाउज उलटा शिवून ठेवलाय.

पत्रात लिहिलंय की न्हाणीघराची बुजवलेली खिडकी उघडून द्यावी. गॅसचा गीझर लावला की आत कोंदतं, बायकोचं डोकं जड होतं, मुलीला मळमळतं. तोंडी सांगून झालं, उपयोग झाला नाही, असंही लिहिलंय. सांगितलं होतं खरं. मी बघू म्हटलं होतं.

तुला आठवत असेल, ती खिडकी शेजारच्या मास्तरांच्या अंगणावर उघडायची, म्हणून त्यांनी कोर्टात खेचायची भाषा केली आणि तुझ्याच सल्ल्याने आपण ती विटांनी बुजवली. गीझर त्यानंतरचा. भाडेकरूला सोय म्हणून मीच हौसेने बसवला. आता खिडकी उघडली तर मास्तर, नाही उघडली तर बेकरीवाला. इकडे आड तिकडे विहीर. तुझा जन्म वकिलांच्या ऑफिसात गेला, तेव्हा तूच सांग. हे गेल्यापासून वरच्या मजल्याचं भाडं आणि माझी मशीन, एवढ्यावर माझं चाललंय. घर हातचं गेलं तर मी कुठे जाऊ?

वहिनीला नमस्कार. पोरीला आशीर्वाद आणि तिला म्हणावं, आत्याला पत्र लिहायला शाई लागते, मुहूर्त लागत नाही.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
बारकी


९ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. आधी घोटभर पाणी पी. लहानपणी झुरळ दिसले की तू पलंगावर चढायचीस आणि चप्पल घेऊन धावायचो मी. आताही तसेच समज. ब्लाउजवालीची मात्र क्षमा माग.

आता नीट ऐक. भाडेकरूचे रजिस्टर पत्र हे नुसते पत्र नसते, ती पुढच्या दाव्याची पायाभरणी असते. अशी पत्रे आमच्या कपाटात कुजत पडली आहेत. त्यातही डोकेदुखी ही फार जुनी युक्ती. डोकेदुखी कोर्टात दाखवता येत नाही आणि खोटीही पाडता येत नाही. करार महिनाअखेर संपतो. त्याला जायचे नाही, सबब तो आतापासून तक्रारी रचून ठेवतो आहे.

पत्राला उत्तर देऊ नकोस. दिलेस की तक्रार मान्य केल्यासारखे होईल. खिडकीला हात लावू नकोस. लावलास की चूक कबूल केल्यासारखे होईल आणि मास्तर कोर्टात जातील ते वेगळेच. करार संपल्यावर भाडे घेऊ नकोस, नाहीतर नवा करार झाला असे तो म्हणेल. जिन्यात गप्पा मारू नकोस. तू भिडस्त आहेस, आणि भीड भिकेची बहीण.

पोरीने तुमच्याच गावच्या औषध कारखान्यात अर्ज केला आहे. पाहू काय होते ते. तुझी वहिनी विचारते की गुडघा कसा आहे.

कळावे. लोभ आहेच, तू फक्त भीती कमी कर.
दादा


२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. काल बेकरीवाला भाडं द्यायला आला. मी दार अर्धंच उघडलं आणि घेणार नाही म्हटलं. त्याने नोटा परत खिशात ठेवल्या. मग मान खाली घालून वर गेला. मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

दादा, मला फार भीती वाटते. गेल्या आठवड्यात तो मागच्या गल्लीत उभा राहून आपल्या भिंतीचे फोटो काढत होता. दोन दिवसांनी एक माणूस आला. खांद्यावर पिशवी, हातात मोजायची फीत. दोघं वर गेले आणि मला भिंतीवर टकटक ऐकू येत राहिली. घर मोजून कोणाला दाखवायचं असेल? आता वर खुर्ची सरकली तरी मी मशीन थांबवून कान देते. ज्या घराची मी मालकीण, त्यात चोरासारखी वावरतेय. दिवासुद्धा उशिरा लावते, मी घरात आहे हे त्यांना कळू नये म्हणून.

आणखी एक सांगायचं होतं. त्यांची मुलगी जिन्यात भेटली. पहिलीत आहे, माझ्याकडच्या चिंध्या नेऊन बाहुलीला कपडे करते. अंघोळ करून शाळेला निघाली होती. चेहरा पांढराफटक, आणि कठड्याला धरून उतरत होती. तू बोलू नको म्हणालास म्हणून मी बोलले नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी आत आले.

ही पण युक्ती असेल का रे? मला तसं वाटत नाही. पण मला कायद्यातलं काय कळतं?

तुझीच,
बारकी


११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

घाईत लिहिते. आज सकाळी मुलगी न्हाणीघरात पडली. आतून कडी होती. बापाने दार लाथांनी तोडलं आणि तिला टॉवेलात गुंडाळून खाली आणलं ते थेट माझ्या पलंगावर, कारण माझं दार जवळ होतं. तिचे ओठ कसे झाले होते ते मी लिहू शकत नाही. आई तिच्या गालावर चापट्या मारत होती. मी खिडक्या उघडल्या, पंखा लावला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, मग ओकली. आता दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणाले की गीझरच्या धुराला बाहेर जायला वाट नव्हती, हा धूर डोळ्यांना दिसत नाही, अजून थोडा वेळ गेला असता तर काही करता आलं नसतं.

मला दवाखान्यात जायचंय. जाऊ ना? माझ्या उशीला अजून तिच्या ओल्या केसांचा वास आहे.

बारकी


१४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

मूल वाचले ही देवाची कृपा. वाचून तुझी वहिनी रडली. मलाही रात्री जेवण गेले नाही.

परंतु दवाखान्यात जाऊ नकोस. तू गेलीस, दोन फळे नेलीस, डोळ्यांत पाणी आणलेस, की उद्या त्यांचा वकील म्हणेल की मालकिणीला अपराध ठाऊक होता. तू कोणासमोर काही बोललीस का? डॉक्टरांसमोर? मला शब्दन्शब्द कळव. आता विटा काढायला तर मुळीच जाऊ नकोस. पुराव्याशी छेडछाड केली म्हणतील. दावा आला तर तो लहान नसेल, बारके. घर जाऊ शकते. यावेळी मलाही भीती वाटते आहे, म्हणून कठोर लिहितो.

शांत राहा. दार लावून घे.
दादा


१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी दवाखान्यात गेले नाही. दार लावून घेतलं.

काल ते लोक घर सोडून गेले. हातगाडीवर सामान चढवलं, खोल्या झाडून घेतल्या आणि बेकरीवाला किल्ली द्यायला आला. मला वाटलं, आता नोटीस काढेल, आता पोलिसांचं नाव घेईल. त्याने काही मागितलं नाही. म्हणाला की कोर्टकचेरी करायला त्याला सवड नाही, पोरीला बरं करायचंय. एवढंच सांगायचंय की काकू, यापुढे कोणालाही त्या न्हाणीघरात अंघोळ करू देऊ नका.

आणि तो फीतवाला माणूस गवंडी होता. बेकरीवाला स्वतःच्या खर्चाने खिडकी करून घेणार होता. मालकिणीची परवानगी लागेल म्हणून गवंडी परत गेला. फोटो त्यालाच दाखवायला काढले होते. ही परवानगी मागायला तो माझ्याकडे दोनदा आला होता म्हणे. मी दार उघडलं नव्हतं.

मुलगी गाडीवर गादीत बसली होती. हसली नाही, रुसलीही नाही. घर माझंच राहिलं, दादा. पण मला त्यात एकटीला भीती वाटते.

बारकी


६ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

सुंठीवाचून खोकला गेला! ताबा मिळाला, किल्ली मिळाली, दावा नाही. वकीलसाहेबांना सांगितले तर त्यांनी माझी पाठ थोपटली. मनाला लावून घेऊ नकोस. जे झाले ते वाईट, पण निभावले.

आणि एक गोड बातमी. पोरीला तुमच्या गावची नोकरी लागली! सोमवारी रुजू व्हायचे आहे, रविवारी सकाळी तुझ्याकडे पोचेल. वरचा मजला रिकामाच आहे, तिथे राहील. तुला सोबत होईल, तिला आत्याच्या हातचे जेवण. भाडे मात्र तिच्याकडून कडक वसूल कर, करार मी करून देतो.

लोभ वाढावा, वाढेलच.
दादा


८ मार्च

बारके,

हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, तुझ्याकडे फोन नाही आणि पोस्टाने वेळेवर पोचणार नाही. पोरगी काल रात्रीच्या बसने निघाली. घरी परतलो आणि अंथरुणावर पडल्यावर एकदम आठवले. ती प्रवासातून आली की पहिली अंघोळ करते. तिला वर जाऊ देऊ नकोस. गीझर काढून टाक. गवंड्याची वाट पाहू नकोस, मिळेल त्याने ती खिडकी फोड. मास्तर कोर्टात गेले तर जाऊ देत. कोर्टाचे मी पाहतो, आधी पोरीचा श्वास.

दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोरगी सुखरूप आहे. हे आधी वाच, मग पुढचं.

काल कंडक्टर तुझं पत्र घेऊन आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. ती तर सकाळीच आली होती. पिशवी टाकली, माझ्या गळ्यात पडली आणि टॉवेल घेऊन जिना चढायला लागली. मी तिच्या पुढे धावले, या गुडघ्यांनी. न्हाणीघराच्या तुटक्या दारात आडवी उभी राहिले आणि तिला आत जाऊ दिलं नाही. तिला वाटलं आत्याला वेड लागलं. खाली पाणी तापवून दिलं, आणि ती अंघोळ करत होती तेवढ्यात मी हातोडा घेऊन वर गेले. पहिली वीट निघायला वेळ लागला. नंतरच्या भराभर पडल्या.

आवाजाने मास्तर अंगणात आले. मी वरूनच ओरडून सांगितलं की करा काय दावा करायचा तो. ते भिंतीखाली येऊन उभे राहिले. मग म्हणाले की साधी दुधी काच लावली असती तरी त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आपण विटा लावून मोकळे झालो.

गीझर काढून ठेवलाय. भिंतीत आता भोक आहे आणि सगळ्या घरात वारा येतो.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी पोरीचा श्वास, असं तू लिहिलंयस. जानेवारीत तू हे लिहिलं नाहीस, आणि खरं सांगायचं तर मीही तेव्हा हातोडा शोधला नाही. घर रिकामं पडलं होतं तेव्हाही नाही. तुला मी दोष देत नाही, दादा. पण बेकरीवाल्याचीसुद्धा पोरगीच होती.

बेकरी कुठे आहे ते मी विचारून घेतलंय. मागच्या बाजूला खोली आहे, तिथेच ते राहतात म्हणे. उद्या सकाळी जाणार आहे. दार कोण उघडेल याची मला फार भीती वाटते, आणि ती मुलगी दारात आली तर तिच्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही. या वेळी तुला विचारत नाही.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ मला हवा आहे, सल्ला नको.

तुझी,
बारकी