मामाचा पारवा रंग

८ एप्रिल, पावस
एक्झॅम संपली, मामाकडे. आंबे उतरवायला मदत (म्हणजे खायला). मामाच्या चेहऱ्याचा रंग काहीतरी वेगळाच. ब्राऊन नाही, ब्लॅक नाही. मेटलसारखा. मामी म्हणाली, "पारवा." म्हटलं, म्हणजे? "कबुतराचा रंग गो! इंग्लिश मिडियमची बाय ती!" सगळे म्हणतात, आंब्याचा चीक लागून झालं.

१० एप्रिल
चीक थिअरी फेल. चीक उडतो तिथेच भाजल्यासारखा डाग पडतो. मामाचं कपाळ, कान, पंजे सगळं सेम. शर्टाच्या आत गोरा! डाव्या मनगटावर घड्याळाखाली पांढरा पट्टा. म्हणजे ऊन + काहीतरी. ऊन तर मामीलाही लागतं. मग?

११ एप्रिल
सापडलं!!! मामाची डोक्याची गोळी (दुखण्याची नाही, मनाच्या आजाराची). पाकिटावरचं नाव गूगल केलं. माझ्या जन्माआधीपासून चालू. तसल्या काही गोळ्या बरीच वर्षं घेतल्या, वर ऊन, तर स्किन अशी होऊ शकते. जेवताना ओरडूनच सांगितलं. मामा म्हणाला, "म्हणजे आंबा निर्दोष सुटला."

१५ एप्रिल
मामीने डबी दाखवली. तीन दिवसांच्या गोळ्या तशाच. माझ्यामुळे. मामाला विचारलं तर, "लग्नात फोटोवाला म्हणतो, काका, सावलीतून बाहेर या. मी उन्हातच उभा असतो गो."
मामी मला विहिरीकडे घेऊन गेली. "मागे एकदा सोडलीन. आठ दिवस झोप नाय. झाडं बोलतात म्हणायचा. आंब्याच्या कलमावर चढून बसला तो उतरेचना."
मी आणि माझं तोंड.

१६ एप्रिल
मामा डॉक्टरांकडे येईना. म्हटलं, गोळीचं नाही, रंगाचं विचारू. रत्नागिरीत आधी पेंटच्या दुकानात. डॉक्टरांना नेमकी शेड सांगायला शेडकार्ड मामाच्या कपाळाला लावलं. दुकानदार: "आतून मारायचाय की बाहेरून?" मामा हसत सुटला, तसाच रिक्षात बसला.
डॉक्टरांनी झापलं. मलाही. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही म्हणजे नाही. मग शेडकार्ड बघतच बसले. नवी गोळी हळूहळू सुरू, जुनी हळूहळू कमी. जुनीचा परिणाम डोळ्यांवरही होतो म्हणे, तेही तपासायचे. रंग जाईल? "कदाचित. वेळ लागेल."

२० एप्रिल
मामा मामीसमोर गोळी घेतो. बागेत टोपी. आज बघते तर घड्याळ उजव्या हातात.
"चुकून?"
"नाय गो. उजवा झाकला, डावा उघडा ठेवला. बघूया कोण कोणाला गाठतो."
दोन्ही मनगटांचे फोटो काढले. दिवस पहिला.