रोवणा संपल्यावरचं कडवं

प्रिय माय,

तू गेल्यावर तुला लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तुला वाचता तरी कुठे येत होतं? पण आज मी घाबरले आहे, आणि ही भीती दुसऱ्या कुणाला सांगून कळायची नाही.

तुझं भाताच्या रोवण्याचं गाणं माझ्या नातीने, रुचाने, गिटारवर म्हटलं. ते आता सगळ्यांच्या मोबाईलवर वाजतंय. लाखनीच्या चहाटपरीवर ऐकलं तेव्हा छाती फुगली होती गं.

परवा ती म्हणाली, "आजी, शेवटचं कडवं सांग ना. तेवढंच राहिलं हाये."

ते कडवं तू घरात कधी म्हटलंस का? रोपांची शेवटची पेंढी चिखलात रोवून होईपर्यंत ते ओठांवर आणायचं नाही, हा तुझा कायदा. घरी नुसतं गुणगुणलं तरी डोळे वटारायचीस. कशाला इतकी कडक होतीस?

मी म्हणायला गेले, तर रुचाचीच चाल तोंडात आली. शब्दांचा पत्ताच नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिचीच चाल. तुझा आवाज आठवायला जाते तर तोही गिटारबरोबरच येतो. तू दुसऱ्यांदा चाललीस की काय?

अड्याळला सखूमावशीकडे गेले. तुझी धाकटी बहीण, तिला तरी येत असेल म्हणून. तर ती हसायलाच लागली.

"तुया मायची चाल तरी कुठची जुनी वं? आमची माय हळूहळू गाये. तुयी माय गुत्त्यानं, ठेक्यानं रोवणा घे. बायांचे हात लवकर चालले पाहिजे म्हणून तिनं गाणं पळवलं. शेवटचं कडवं तं तिनंच जोडलं. मले नाही येत."

म्हणजे तूही बदललंस! आणि मला मात्र एक अक्षर इकडचं तिकडे करू दिलं नाहीस. राग आला, हसूही आलं. भीती मात्र वाढली. ते कडवं माझ्या आजीचं नव्हतं, मावशीकडे नाही. तुझ्यासोबत रोवणाऱ्या बायांपैकी आता मी एकटीच उरले आहे.

उद्या आपल्या बांधीचा, भाताच्या खाचराचा रोवणा संपतो. कंबर वाकत नाही, तरी चिखलात उतरणार आहे. रुचा मोबाईल घेऊन शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी राहील. शेवटची पेंढी रोवून झाल्यावर तोंडातून काय निघेल, कोण जाणे.

आठवलं तर जसंच्या तसं म्हणेन. नाही आठवलं तर माझ्या मनाचं म्हणेन. पण माय, माझ्या मनाचं ते कडवं तुझं आहे असं रुचाला सांगणार नाही. एवढा शब्द देते.

तुझी,
शेवंता